नाव जुळलं, पण माणूस तोच कशावरून?

डॉक्टर, वकील किंवा संशोधक नावाने शोधायला गेलं की एकाच नावाची चार माणसं समोर येतात, आणि एकाचे शोधनिबंध दुसऱ्याच्या नावावर खपतात.

१. नाव बाजूला ठेवा, नोंदणी क्रमांक मिळवा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर तो बहुधा असतो. नोंदणी करणाऱ्या परिषदेच्या यादीत तोच टाकून बघा.
२. क्रमांक नसेल तर पदवीचं वर्ष आणि संस्था, दोन्ही जुळवा. एकावर भागत नाही.
३. संशोधकांसाठी ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक बघा: १६ अंकी, चार-चारच्या गटांत. शेवटी कधीकधी ‘एक्स’ असतो. ती टायपिंगची चूक नव्हे, आधीच्या अंकांवरून काढलेला तपासणी-अंकच तसा येतो.

मात्र ऑर्किडवरची बरीचशी माहिती ज्याची त्यानेच भरलेली असते. नोकरी-पदवीची खात्री संबंधित संस्थेकडूनच करा.