राजकीय देणगीदाराचे संरक्षण उद्योगातील हितसंबंध कसे तपासावेत

राजकीय पक्षाला पैसा देणारा उद्योगसमूह सैन्यदलांना माल पुरवतो का, हे सामान्य नागरिकाला सरकारी कागदपत्रांवरून स्वतः तपासता येते. स्टेट बँकेतून रोखे विकत घेऊन नाव जाहीर न करता पक्षाला देणगी देण्याची निवडणूक रोखे योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवल्यानंतर स्टेट बँकेने दिलेली माहिती निवडणूक आयोगाने संकेतस्थळावर टाकली. १४ मार्चच्या पहिल्या याद्यांत खरेदीदार एकीकडे आणि पक्ष दुसरीकडे होते, त्यांचा मेळ लागत नव्हता. म्हणून २१ मार्चच्या, प्रत्येक रोख्याचा स्वतंत्र क्रमांक दिलेल्या याद्याच वापराव्यात. दोन्हींकडचा क्रमांक जुळला की कोणाचा रोखा कोणत्या पक्षाने वटवला, याबद्दल शंका उरत नाही.

या याद्यांत ‘डिफेन्स’ असे शब्द शोधून फारसे हाती लागणार नाही, कारण देणगी बहुधा समूहातल्या दुसऱ्याच कंपनीच्या नावावर असते. तब्बल ९६६ कोटी रुपयांचे रोखे घेणारी मेघा इंजिनिअरिंग ही सिंचन आणि पायाभूत कामांसाठी ओळखली जाते. पण संरक्षण सामग्री बनवणारी हैदराबादची आयकॉम टेली ही तिच्याच समूहातली, आणि २२० कोटींचे रोखे घेणारी वेस्टर्न यूपी पॉवर ट्रान्समिशनही त्याच समूहातली. हे धागे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जुळवावेत. तेथे शुल्क भरून वार्षिक विवरणपत्र आणि ताळेबंद पाहता येतात. विवरणपत्रात मूळ व उपकंपन्यांची नावे असतात आणि प्रत्येक संचालकाला कायमचा ओळख क्रमांक असतो. दोन कंपन्यांत एकच आडनाव दिसले म्हणून नाते गृहीत धरू नये, संचालकाचा क्रमांक एकच आहे का ते पाहावे. माझगाव डॉक, हिंदुस्थान एरोनॉटिक्स यांसारख्या सरकारी कंपन्या आधीच बाजूला काढाव्यात, कारण कंपनी कायद्याच्या कलम १८२ नुसार त्यांना राजकीय देणगी देता येत नाही.

करारांसाठी पत्र सूचना कार्यालयाची, म्हणजे पीआयबीची, प्रसिद्धिपत्रके पाहावीत. आयकॉमशी झालेला रेडिओ रिले संदेशवहन सामग्रीच्या १,०३५ कंटेनरांचा, सुमारे ५०० कोटींचा करार जून २०२३ च्या पत्रकात सापडतो. येथेच बहुतेक जण घाई करतात, आणि मला हीच सर्वांत गंभीर चूक वाटते: करार आणि रोखे यांच्या तारखा शेजारी मांडून निष्कर्ष काढला जातो. संरक्षण खरेदीत आधी गरजेला मान्यता मिळते, मग निविदा, चाचण्या आणि दरांची बोलणी होतात, आणि सही शेवटी होते. यात अनेकदा वर्षे जातात. त्यामुळे देणगीची तारीख या प्रत्येक टप्प्याशी ताडून पाहावी लागते. स्पर्धेत आणखी कोण होते, निकष मध्येच बदलले का, हे प्रश्न सहीच्या तारखेपेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत. त्यांची उत्तरे संसदेतील लेखी उत्तरांत आणि महालेखापरीक्षकांच्या अहवालांत शोधावीत. माहिती अधिकारात मात्र सुरक्षा आणि व्यापारी गोपनीयता या कारणांनी नकार मिळू शकतो, हे धरून चालावे.

प्रमाणाचेही भान ठेवावे. मेघाचे रोखे भाजपप्रमाणेच तेलंगणातील भारत राष्ट्र समिती आणि तमिळनाडूतील द्रमुक यांनीही वटवले, आणि समूहाचा मोठा व्यवसाय राज्य सरकारांच्या कामांचा आहे. तेव्हा देणगीचा संबंध संरक्षण कराराशीच होता असे या कागदांवरून म्हणता येत नाही. ‘समूहाने देणगी दिली’ आणि ‘समूहाला करार मिळाला’ ही दोन विधाने पुराव्यासह स्वतंत्र लिहावीत, आणि त्यांच्यामध्ये ‘म्हणून’ घालायचे असेल तर त्यासाठी तिसरा पुरावा हवा.

रोखे बंद झाल्यानंतरच्या देणग्यांसाठी पक्षांनी आयोगाला दिलेले २०,००० रुपयांवरील देणग्यांचे अहवाल आणि निवडणूक न्यासांचे अहवाल वाचावेत. न्यास अनेकांकडून पैसा घेऊन अनेक पक्षांना देतो, त्यामुळे तेथे अमक्याचा पैसा तमक्या पक्षाला गेला असे सहसा ठामपणे लिहिता येत नाही. लेख प्रसिद्ध करण्याआधी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर नेमके प्रश्न लिहून पाठवावेत, उत्तराला पुरेशी मुदत द्यावी आणि आलेले उत्तर लेखात घ्यावे.