तापलेल्या भाडेकरूचा फोन कसा घ्यायचा

सरकारी खोल्यांच्या भाडेकरूंचे फोन घेतो मी, कोल्हापुरात, आणि जुलै लागला की फोन खाली ठेवायला सवड नसते, स्लॅब गळतोय, भिंतीला ओल, त्यात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर म्हणजे इशारा पातळीला गेलं की नदीकाठचे तर घाबरूनच फोन करतात (४३ ला धोका).

पहिली दोन मिनिटं काही बोलायचं नाही. खरंच नाही. "भाडं तुम्ही घ्यायचं आणि गळती आम्ही पुसायची व्हय?" असं मावशी ओरडत असतात तेव्हा "नियमानुसार" हा शब्द काढलात की संपलं. नुसतं "हं, बोला मावशी" म्हणायचं आणि वहीत खोली नंबर, कुठली भिंत, कधीपासून हे लिहीत जायचं, मग तेच वाचून दाखवायचं, आवाज आपोआप खाली येतो बघा.

पाणी लाईटच्या बोर्डाजवळ गळतंय का हे मात्र मध्येच तोडून विचारा. बोर्डच ओला असेल तर हात लावू नका म्हणायचं, महावितरणला कळवायचं.

"उद्या माणूस पाठवतो" हे गवंडी ठरलेला नसताना बोलू नका, मी एकदा बोललो, तिसऱ्या दिवशी मावशी बादली घेऊन टेबलासमोर. तक्रार नंबर द्या आणि काम झालं नसलं तरी सांगितलेल्या दिवशी फोन करा.

शिव्या आल्या तर एकदा सांगायचं, "दादा, शिवी नको, काम करतो की." परत आली तर सांगून फोन ठेवायचा, अर्ध्या तासानं आपणच लावायचा.