दोन थर्मामीटर आणि मलमलची चिंधी: नागपूरची आर्द्रता घरीच मोजा

०–५० अंशांचे दोन सारखे थर्मामीटर घ्या. आधी दोन्ही एकाच पाण्याच्या भांड्यात बुडवून पाहा; अर्ध्या अंशाचा फरक असेल तर लिहून ठेवा, पुढे तेवढा वजा करायचा. आता एकाच्या फुग्याला मलमलचा एक पदर गुंडाळा. कापड उकळून खळ काढलेलं हवं, नाहीतर पाणी चढत नाही. कापडाचं टोक दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवलेल्या वाटीत सोडा. वाटीत डिस्टिल्ड पाणी घाला. बोअरचं वापरलं तर आठवड्याभरात कापडावर पांढरा थर बसतो आणि पारा वर राहतो.

जागा उत्तरेच्या भिंतीजवळ, सावलीत, छातीच्या उंचीवर. कूलरच्या झोतापासून आणि नुकतं पाणी घातलेल्या कुंड्यांपासून लांब. टेबलफॅन दोन्हींवर दहा मिनिटं चालवा. ओला पारा (कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचा) पाणी उडताना थंड होऊन उतरतो; तो स्थिर झाला की लगेच वाचा. नवतपात (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) कापड बघता बघता सुकतं आणि पारा पुन्हा चढू लागतो; तो आकडा घेतला तर आर्द्रता फुकट जास्त दिसते.

समजा, दुपारी तीनला कोरडा ४२, ओला २३. बाष्पदाबाच्या तक्त्यात २३ अंशांचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावणाऱ्या कमाल वाफेचा दाब, २८.१ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक). त्यातून फरकाची, म्हणजे १९ ची, ०.६४ पट वजा करा (हा गुणक नागपूरच्या सुमारे ३१० मीटर उंचीसाठी; मुंबईत ०.६७ धरा). उरले १५.९; हा हवेतल्या वाफेचा प्रत्यक्ष दाब. ४२ अंशांना हवा ८२ पर्यंत वाफ धरते, म्हणून आर्द्रता १९ टक्के.

हीच वाफ पहाटे २८ अंशांवर मोजली तर ४२ टक्के येते, कारण तिथे कमाल ३७.८ च. वाफ तेवढीच, पण दुपारी टक्के पहाटेच्या निम्म्याहून कमी! म्हणून नुसती टक्केवारी लिहून ठेवण्यात फारसा अर्थ नाही. वहीत दवबिंदूही लिहा, म्हणजे ज्या तापमानाला तक्त्यातली कमाल हवेतल्या वाफेएवढी होते आणि दव पडू लागतं ते. या उदाहरणात तो दोन्ही वेळी १४ अंशांच्या आसपासच राहतो. मान्सून आला की मात्र तोच वर सरकतो. जुलैत कोरडा २९, ओला २७ असेल तर आर्द्रता ८६ टक्के आणि दवबिंदू २६ च्या पुढे.

नोंदी रोज दोनच: सूर्योदयाला आणि दुपारी तीनला. दिवसाची कमाल आणि किमान आर्द्रता साधारण तेव्हाच सापडते.

कूलरचा हिशेबही यातच निघतो. दोन पाऱ्यांत १९ अंशांचं अंतर असताना चांगल्या ताट्या (कूलरच्या बाजूंचे ओले पडदे) हवा बारा-पंधरा अंशांनी उतरवतात. अंतर दोनवर आलं की पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पाणी सोडलं तर अंथरूण तेवढं दमट होईल.