दस्त्यावर जाळी कोरायला फिरता पाळणा

एअरगनच्या दस्त्यावर (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागावर) चौकड्यांची जाळी कोरताना एक हात अवजारावर आणि दुसरा दस्ता आवरण्यात गुंतला, की रेघ वाकडी गेलीच म्हणून समजा. वखर-डवरे करणाऱ्या सुताराकडच्या उरलेल्या लाकडातून, दोन टोकदार बोल्टांमध्ये दस्ता धरून फिरवणारा हा पाळणा एका दिवसात उभा राहतो. (परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवानाधारक कारागिराकडेच द्यावी लागते.)

बैठकीला चार फुटी, दोन इंच रुंद, दीड इंच जाड अशा दोन सागवानी पट्ट्या घ्या. जुन्या घराच्या मोडीतला साग उत्तम. ओली बाभूळ उन्हाळ्यात पिळवटते. दोन्ही पट्ट्यांत पाच सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट ठेवून टोकांना ठोकळे बसवा, म्हणजे वेगळी खाच पाडावी लागत नाही. मधोमध खालून फूटभर लांब, तीन इंच खोल फळी स्क्रूने जोडा. शिकंज्यात (व्हाइसमध्ये) हीच धरायची.

एका टोकाला नऊ इंची उभा ठोकळा पक्का करा. दुसरा सरकता: त्याच्या सहा इंची पायातून चार सुती बोल्ट फटीतून खाली जातो. बोल्टचं डोकं बैठकीखाली राहील अशा लोखंडी पट्टीला वेल्ड करा, वर वॉशर आणि विंग नट. दोन्ही ठोकळ्यांना मागून तिरका टेकू हवाच. तो नसला तर टोक आवळताना ठोकळे मागे कलतात आणि दस्ता सैल पडतो.

बैठकीपासून सात इंचांवर, गुण्या (काटकोन) लावून, दोन्हीकडे समोरासमोर भोकं पाडा. त्यांत नट ठोकून बसवा आणि टोक घासलेले चार सुती बोल्ट फिरवत आत घ्या. उंची कमी ठेवली तर फिरवताना मुठीचा बाक बैठकीला अडकतो.

खरी गोम टोक जिथे टेकतं तिथे आहे. बोल्ट थेट दस्त्यात रुतवू नका. मागे बट प्लेटच्याच (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीच्या) स्क्रूंच्या भोकांत धावड्याच्या लाकडाचा तुकडा कसा. पुढे नळीच्या खोबणीत घट्ट बसेल असा लाकडी गट्टू घाला, भोवती कागद गुंडाळून. दोन्हींवर पत्र्याचा तुकडा ठोकून त्यावर पंचने खळगा करा. नुसत्या लाकडातला खळगा तासाभरात लांबट होतो. इंचाला अठरा रेघा म्हणजे दोन रेघांत जेमतेम दीड मिलिमीटर. तिथे अर्धा मिलिमीटर डुगडुगलं की दुहेरी रेघ उमटते, आणि ती पुसता येत नाही.

खळग्याची जागा मात्र घाईत ठरवू नका. आधी चिकटपट्टीने तुकडा लावून बघा: दस्ता कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबला पाहिजे. सारखा एकाच बाजूला लोळत असेल, तर खळगा जड बाजूकडे थोडा सरकवा. बोल्ट एवढाच आवळा, की अंगठ्याने दस्ता फिरेल. त्याहून जास्त आवळला तर पुढचा गट्टू पाचरीसारखा आत शिरून खोबणीला चीर पाडतो.

पावसाळ्यात लाकूड फुगून सरकता पाय अडतो. फटीतला भुसा काढा, मेण चोळा.