जुन्या पिकअपचा न जाणारा आवाज आणि कंप: मूळ कसे शोधावे

दहा-बारा वर्षे कांदा, भाजीपाला आणि खताच्या गोण्या वाहिलेल्या पिकअपचा थोडाफार खडखडाट होणारच, आणि त्याची फारशी काळजी करण्याचे कारण नाही. परंतु ठरावीक वेगाला हमखास येणारा, पायाखालच्या पत्र्यातून अंगात भिनणारा आणि गॅरेजच्या दोन-तीन फेऱ्या करूनही न जाणारा आवाज मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. अशा वेळी अंदाजाने आज टायर, उद्या फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकते त्या रबरी बैठका), परवा बेअरिंग असे बदलत गेल्यास पैसा जातो आणि आवाज तसाच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी एकच गोष्ट ठरवावी: हा आवाज कशाच्या फिरण्याशी बांधलेला आहे? इंजिन, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या अॅक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा) आणि चाके या तिन्ही गोष्टी गाडी चालताना वेगवेगळ्या गतीने फिरतात, आणि बिघाड जिथे असेल त्या भागाच्या गतीनुसारच कंप येतो.

पुढील विवेचन बोलेरो पिकअप किंवा टाटा झेनॉन यांसारख्या, मागच्या चाकांना ओढ असलेल्या आणि मागे कमानीचे पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या गाड्यांना धरून केले आहे.

सुरुवात गाडीखाली न शिरता करावी. चाकांचे नट आवळलेले आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण सैल नटानेही असाच कंप येतो आणि त्याचा परिणाम जीवघेणा ठरू शकतो. त्यानंतर प्रत्येक टायरवरून तळहात फिरवून कुठे फुगा, सपाट भाग किंवा पायऱ्यांसारखी झीज लागते का ते पाहावे. रिमोल्ड टायर असल्यास त्याची पट्टी कडेने सुटू लागली आहे का, हे विशेष बारकाईने तपासावे. पावसाळ्यात गाडी काळ्या रानात घातली असेल, तर रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला आणि वाळून दगड झालेला चिखल खरवडून काढावा. मूठभर चिखल एकाच बाजूला साचला तरी चाकाचा तोल जातो. केवळ एवढ्याने कंप थांबल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता रस्त्यावरची चाचणी. प्रथम गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. तोच आवाज आणि तोच कंप इथेच मिळाला, तर इंजिनाचे फाउंडेशन, पंख्याचे पाते, बेल्ट, चासीला टेकणारा सायलेन्सर यांकडे वळावे आणि चाकांचा विचार सोडून द्यावा. उभ्या गाडीत आवाज नसेल, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ६० चा वेग आधी चौथ्या आणि मग पाचव्या गिअरमध्ये धरावा. गिअर बदलल्याने इंजिनाची गती बदलते, पण शाफ्टची आणि चाकांची तीच राहते. त्यामुळे दोन्ही वेळा कंप सारखाच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे, असे बरेचसे खात्रीने म्हणता येते. नंतर त्याच वेगाला काही क्षण गाडी न्यूट्रल करून नुसती वाहू द्यावी. तेव्हाही कंप तसाच राहिला, तर इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. हा प्रयोग करताना इंजिन बंद करू नये, कारण ब्रेकला मिळणारी मदत इंजिनावर अवलंबून असते, आणि कसारा किंवा माळशेजसारख्या घाटात तर तो मुळीच करू नये.

थोडा हिशेब इथे फार उपयोगी पडतो. टायरचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर असेल, तर त्याचा घेर २.२ मीटर होतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजेच चाक सेकंदाला १० फेरे घेते. डिफरन्शिअलचे (शाफ्टची गती कमी करून मागच्या चाकांना देणाऱ्या गिअरपेटीचे) प्रमाण साधारण चारास एक धरले, तर शाफ्ट त्याच वेळी ४० फेरे घेत असतो. सेकंदाला १० हादरे हाताला वेगळे जाणवतात, स्टिअरिंग किंवा सीट थडथडते. ४० फेऱ्यांचा कंप मात्र सुटा जाणवत नाही. तो पत्र्यात घुमतो आणि तळपायांना मुंग्या आल्यासारखे वाटते. थडथड असेल तर चाकांकडे जावे, घुमणे असेल तर शाफ्टकडे. थडथड स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाके आणि बुडाखाली असेल तर मागची चाके आधी तपासावीत.

जुन्या पिकअपमध्ये सर्वांत जास्त फसवणूक होते ती शाफ्टच्या बाबतीत. गाडीखाली जाण्याआधी सपाट जागा निवडावी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, आणि गाडी उचलायची असेल तर ती लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळावा आणि वरखाली हलवावा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या वाकू शकणाऱ्या सांध्यात, किंचित जरी खेळ लागला, तरी तो क्रॉस संपला असे समजावे. क्रॉसच्या टोपीभोवती विटेच्या भुकटीसारखी तांबूस पूड दिसली, तर आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्या आहेत; हळू चालताना येणारी लयबद्ध चीं-चीं बहुधा तिथलीच असते. दोन तुकड्यांचा शाफ्ट असल्यास मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर बोटाने दाबून पाहावे, कारण ते फाटले असेल तर भरलेली गाडी उचलताना खालून थरथर येते.

माझ्या स्वतःच्या गाडीत ७० च्या वर असाच घुमणारा कंप दोन महिने येत होता. फाउंडेशन बदलले, चाकांचे बॅलन्सिंग दोनदा केले. शेवटी आठवले की कंप क्लच प्लेटचे काम झाल्यापासूनचा आहे, आणि त्या कामासाठी शाफ्ट उतरवला होता. उतरवताना खूण न केल्याने शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारी दातेरी सरकती जोडणी काही दाते फिरून बसली होती. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती वाढवतो आणि कमी करतो. दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका रेषेत असतील तरच एकाची चढउतार दुसरा पुसून टाकतो. योक रेषेत आणून शाफ्ट पुन्हा बसवला आणि एकही नवा भाग न घालता कंप गेला. म्हणून शाफ्ट उतरवण्याआधी खडूची किंवा रंगाची खूण करावी, आणि आवाज नेमका कोणत्या कामानंतर सुरू झाला, हा प्रश्न स्वतःला सर्वांत आधी विचारावा.

जास्त माल बसावा म्हणून घातलेला जादा पाटा हेही असेच झाकलेले कारण आहे. त्याने मागचा भाग उचलला जातो, शाफ्टचा कोन बदलतो आणि रिकामी गाडी घुमू लागते, भरली की शांत होते. हा पाटा घालू नये असेच माझे स्पष्ट मत आहे. पाटे अॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट आणि पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्टही पाहावा. तो तुटला असेल तर अॅक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

गाडी वळवताना वाढणारी किंवा कमी होणारी गुणगुण चाकाच्या बेअरिंगची असते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर उजवे बेअरिंग संशयित. पुढचे चाक उचलून वरखाली धरून हलवावे. खेळ लागला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावे, आणि खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचाच. अॅक्सिलरेटर दाबल्यावर घुमणारा आणि पाय काढताच बदलणारा आवाज डिफरन्शिअलचा असतो; तिथे आधी ऑइलची पातळी पाहावी, आणि ऑइलमध्ये धातूचे तुकडे असतील तर गाडी पुढे चालवू नये.

केवळ ब्रेक दाबल्यावर येणारा हादरा ड्रमचा किंवा डिस्कचा. क्लच दाबताच सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, आणि दाबताच थांबणारा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. हौद्याचे बोल्ट सैल असल्यास खड्ड्यात धाडधाड होते. ते आवळले की काम संपते.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तेवढाच माल ठेवून गाडी चालवून पाहावी. क्रॉसला ग्रीस भरताना चारही टोप्यांतून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप थांबवू नये, आणि यू-बोल्ट काढून बसवले असतील तर काही शे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा एकदा आवळावेत.