कूनहाउंडच्या वंशरेषांची तुलना कशी करावी

कूनहाउंड म्हणजे रॅकून या झाडावर चढणाऱ्या निशाचर प्राण्याचा वासाने माग काढून, त्याला झाडावर चढवून मालक येईपर्यंत झाडाखाली भुंकत राहणारा शिकारी कुत्रा. रॅकूनच्या शिकारीसाठी तो निवडू पाहणाऱ्यापुढे बहुधा आधी वंशावळ ठेवली जाते आणि तीतील दोन-तीन गाजलेल्या नावांवर बोट ठेवले जाते. त्या नावांना अर्थ असतो, पण तो मर्यादित असतो. एखाद्या वंशरेषेत, म्हणजे एकाच जातीतील ठराविक पूर्वजांपासून चालत आलेल्या शाखेत, एक असामान्य कुत्रा निपजला, यावरून तिच्या पुढच्या पिल्लांविषयी फार थोडे कळते. तिच्यातील साधारण, निनावी कुत्रे रात्रीच्या रानात कसे वागतात, यावरून बरेच कळते. म्हणून तुलना करायची ती सामान्य कुत्र्यांची, हे सूत्र आधीच मनाशी धरावे.

प्रथम जात आणि वंशरेषा यांतील फरक स्पष्ट असायला हवा. अमेरिकेत ब्लॅक अँड टॅन, रेडबोन, इंग्लिश, ब्लूटिक, ट्रीइंग वॉकर आणि प्लॉट अशा सहा प्रमुख जाती मानल्या जातात. पट्टेदार अंगाच्या प्लॉटचे मूळ जर्मन असून उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरात ते अस्वल व रानडुकरांच्या शिकारीसाठी जोपासले गेले. इतर जातींमागे मुख्यतः फॉक्सहाउंड (कोल्ह्याच्या शिकारीचे कुत्रे) आणि तत्सम माग काढणाऱ्या कुत्र्यांचे रक्त आहे. या जातींमधील भिंती वाटतात तितक्या जुन्या नाहीत. कुत्र्यांच्या वंशावळी नोंदवणाऱ्या अमेरिकेतील युनायटेड केनेल क्लबच्या नोंदवहीत ट्रीइंग वॉकर आणि ब्लूटिक एके काळी इंग्लिश याच नावाखाली नोंदले जात. वॉकर १९४५ मध्ये वेगळा झाला, ब्लूटिक १९४६ मध्ये. ‘वॉकर वेगवान, ब्लूटिक संथ पण शिळ्या मागाचा धनी’ हे ठोकळेबाज वर्णन सरासरीपुरते खरे असले, तरी एकाच जातीतील दोन वंशरेषांत त्याहून मोठे अंतर सापडते. ब्लूटिकमध्येच जड हाडाच्या, घनगंभीर आवाजाच्या, तासन्‌तास जुना माग सोडवत बसणाऱ्या रेषा आहेत आणि स्पर्धेसाठी निवडलेल्या हलक्या, चपळ रेषाही आहेत.

वंशावळ वाचताना नाव कोणाचे आहे, यापेक्षा ते कितव्या पिढीत आणि किती वेळा आले आहे, हे पाहावे. आई किंवा बाप पिल्लाला अर्धा वाटा देतो, आजा सरासरीने पाव, आणि पाचव्या पिढीतील पूर्वज जेमतेम बत्तिसावा, म्हणजे सुमारे ३ टक्के. तेथे एकदाच दिसणाऱ्या विजेत्याच्या जोरावर पिल्लू ‘त्याच्या रक्ताचे’ म्हणून विकले जात असेल, तर तो दावा बाजूला ठेवावा. तोच पूर्वज आईकडून व बापाकडून तीन-चार वेळा आलेला असेल, तर मात्र ती खरीखुरी रेषा आहे आणि तिचे गुण-दोष दोन्ही पक्के झालेले असण्याची शक्यता वाढते. आई-बाप एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले आहेत, हे अंतःप्रजनन गुणांक सांगतो: सख्ख्या भाऊ-बहिणींच्या संकरातून आलेल्या पिल्लाचा तो २५ टक्के, सावत्र भाऊ-बहिणींच्या संकरातून १२.५ टक्के, तर चुलत भावंडांच्या संकरातून ६.२५ टक्के असतो. हा आकडा चढत असताना वेतातील पिल्लांची संख्या, त्यांची जगण्याची ताकद आणि कुत्रीची गर्भधारणा यांविषयी थेट प्रश्न विचारावेत.

स्पर्धांत मिळणाऱ्या पदव्यांकडे पाहण्यापूर्वी त्या कशासाठी मिळतात, हे समजून घ्यावे. युनायटेड केनेल क्लबच्या रात्रीच्या स्पर्धेत सामान्यतः चार कुत्र्यांपर्यंतची तुकडी एकत्र सोडली जाते. मागावर प्रथम आवाज देणाऱ्याला १०० गुण आणि त्यामागच्यांना ७५, ५० व २५ मिळतात. झाडापाशी पोचून प्रथम भुंकणाऱ्याला १२५ आणि पुढच्यांना पुन्हा ७५, ५०, २५ मिळतात. झाडावर रॅकून दिसला तर गुण जमा होतात आणि झाड रिकामे ठरले तर वजा होतात. ढोली किंवा दाट पाने यांमुळे खात्री करता आली नाही, तर ते गुण हिशेबाबाहेर राहतात. ही पद्धत न्याय्य आहे, पण चटकन तोंड उघडणाऱ्या, वेगाने झाड गाठणाऱ्या आणि सोबतीच्या कुत्र्यांची तमा न बाळगणाऱ्या कुत्र्याला ती झुकते माप देते. पहाटेचा जुना, फिका पडलेला माग धीराने सोडवणारा कुत्रा येथे मागे पडू शकतो. शिवाय पदवी केवळ स्पर्धेत उतरवलेल्या कुत्र्यांची मोजली जाते. एका नराची पन्नास पिल्ले पदवीधर झाली असे ऐकल्यावर त्याची एकूण पिल्ले किती, हा प्रश्न पाठोपाठ यायलाच हवा. दोनशेपैकी पन्नास आणि दोन हजारांपैकी पन्नास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खरी तुलना रानात होते. ती करताना वय आणि अनुभव समान ठेवावेत. चार वर्षांचा मुरलेला कुत्रा आणि चौदा महिन्यांचा शिकाऊ यांना शेजारी उभे केल्याने वंशाविषयी काहीच कळत नाही. प्रत्येक कुत्रा काही रात्री एकटा सोडावा आणि काही रात्री जोडीने. अनेक कुत्रे दुसऱ्याच्या आवाजावर धावून झाडापाशी पोचतात आणि तेथे जोरात भुंकून श्रेय घेतात, हे केवळ एकट्याने सोडल्यावरच उघडे पडते. ओलसर, निवांत रात्री गंध जमिनीलगत टिकतो, तर कोरड्या वाऱ्यात तो विरतो. कडाक्याच्या थंडीत रॅकून ढोलीबाहेरच फारसे पडत नाहीत. त्यामुळे तुलना एकाच रात्री, एकाच रानात करावी आणि अशा अनेक रात्री मिळून करावी. तीनपैकी दोन झाडांवर रॅकून सापडणे हा योगायोग असू शकतो, पण तीसपैकी वीस झाडांवर सापडणे ही माहिती ठरते. शिकारीचा हंगाम आणि परवान्याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक बदलतात, तेव्हा रात्रींची आखणी त्यानुसार करावी.

नोंदवहीत ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असे शेरे लिहू नयेत. सोडल्यापासून पहिला आवाज किती मिनिटांनी आला, माग सुरू झाल्यावर झाड किती वेळात गाठले, किती वेळा माग तुटला आणि तुटल्यावर कुत्रा वर्तुळ घेऊन तो पुन्हा जोडतो की तेथेच घुटमळतो, हे लिहावे. झाडांसाठी तीन रकाने ठेवावेत: रॅकून दिसला, झाड रिकामे होते, ठरवता आले नाही. तिसरा रकाना सोयीने पहिल्यात मिसळण्याचा मोह फार होतो आणि तेथेच बहुतेक तुलना बिघडतात. मालक पोचेपर्यंत कुत्रा झाडापाशी टिकला का, हेही नोंदवावे. जीपीएस कॉलरमुळे अंतर, वेग आणि वाट या बाबी आता स्मरणशक्तीवर सोडाव्या लागत नाहीत. हरीण किंवा सशामागे गेल्याच्या वेळा मात्र वेगळ्या मांडाव्यात, कारण त्यांत शिकवणीचा वाटा मोठा असतो आणि तो दोष सरसकट रक्ताच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

आवाजाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण रात्री मालक कुत्र्याला पाहत नाही, ऐकतो. मागावरचा लांब, ओढलेला हेल आणि झाडाखालची तुटक, सलग भुंक यांतला बदल ज्या रेषेत ठळक असतो, त्या रेषेचे कुत्रे दोन दऱ्यांपलीकडूनही वाचता येतात. हा गुण भावंडांत बऱ्याच सातत्याने दिसतो, असे माझे मत आहे. मागाविना वायफळ भुंकणाऱ्या कुत्र्याचा गोड गळा मात्र काही कामाचा नाही.

आरोग्याची तपासणी थोडक्यात पण नेमाने करावी: खुबे, पायांचे तळवे, लांब कानांतील संसर्ग. रॅकूनच्या संपर्कानंतर साधारण एक-दोन आठवड्यांनी मागच्या पायांपासून चढत जाणारा ‘कूनहाउंड पॅरालिसिस’ हा वंशाचा दोष ठरवू नये. एकदा झालेल्या कुत्र्याला तो पुन्हा होऊ शकतो, म्हणून नोंद मात्र ठेवावी.

शेवटी कुत्रीकडे वळावे. गाजलेल्या नराकडे उत्तमोत्तम माद्या येतात, त्यामुळे त्याच्या पिल्लांचे यश निव्वळ त्याचे नसते. उलट जी कुत्री दोन-तीन वेगवेगळ्या नरांपासून दर वेतात कामाची पिल्ले देते, तिच्या रक्ताची खात्री अधिक धरावी. तिच्या मालकाला प्रत्येक पिल्लाचे पुढे काय झाले, हे क्रमाने विचारावे. ‘ते दोन कुठे गेले ते ठाऊक नाही’ असे प्रांजळ उत्तरही उपयोगी असते. दोन वेतांत निवड अडलीच, तर मी कुत्रीच्या आधीच्या वेतातील सर्वांत कमी कौतुक झालेले पिल्लू शोधीन आणि मालकाच्या परवानगीने एक रात्र त्याच्या मागे चालेन.