‘वडील प्राचार्य’ आणि ‘आभाराचे वस्तुमान’: शाळेच्या वर्षअखेरच्या पत्रकात या चुका टाळा

मार्च निम्मा सरला की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं, "बाई, मराठीचं तेवढं तुम्ही बघा." आमच्या प्रिन्सिपल फादरनी इंग्रजीत चार पानांचं वर्षअखेरचं न्यूजलेटर लिहिलेलं असतं. ऑफिसमधल्या कुणीतरी ते मोबाइलवर टाकून मराठीत ‘करून’ आणलेलं असतं. मी त्यावर नुसती नजर फिरवायची. एका वर्षी बोर्डाचे पेपर तपासण्याच्या गडबडीत ती फिरवायची राहिली आणि पत्रक घरोघरी गेलं: "शुक्रवारी सकाळी आठ वाजता वडील प्राचार्यांच्या हस्ते आभाराचे वस्तुमान होईल." मूळ इंग्रजीत होतं ‘फादर प्रिन्सिपल’ आणि ‘थँक्सगिव्हिंग मास’, म्हणजे आभाराची मिस्सा, चर्चची उपासना. दोन ओळी खाली दहावीची बॅच ‘बेशुद्ध’ पडली होती, कारण इंग्रजीत ती पास-आउट झाली होती. शाळेच्या आश्रयदात्या संतांच्या सणाची ‘मेजवानी’ झाली होती. त्या दिवशी डबा द्यायचा की नाही, असं विचारायला तीन आयांचे फोन आले.

पुण्यात, कॅम्पातल्या एका कॅथलिक हायस्कूलमध्ये मी बावीस वर्षं मराठी शिकवते आहे. शाळेचं नाव सांगत नाही. पण एवढ्या वर्षांत एक कळलंय. ही पत्रकं आपण लिहितो संस्थेसाठी, प्रोव्हिन्शियलसाठी (फादरांच्या संघाचे प्रांतप्रमुख), फार तर बिशप हाउसच्या फायलीसाठी. वाचतात मात्र कोंढव्याच्या आजी, ज्यांना नातवाची शाळा कधी उघडणार तेवढंच हवंय, आणि वानवडीचे व्हॅनवाले काका, ज्यांना शेवटच्या पेपरला मुलं कितीला सुटणार ते हवंय. खाली सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चुका या आजी आणि हे काका डोळ्यांसमोर नसल्यामुळे होतात.

शब्द आपल्याकडे आहेत, ते वापरा

मास म्हणजे मिस्सा. फीस्ट म्हणजे सण. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, पाम संडे म्हणजे झावळ्यांचा रविवार. फादर आणि सिस्टर यांचं भाषांतरच करायचं नाही, ते पुण्यात प्रत्येकाला कळतं. हे शब्द मी बनवलेले नाहीत, मराठी कॅथलिक घरांत ते रोज बोलले जातात. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ साली, तेही ओवीत. चारशे वर्षांनी आपण मोबाइलला विचारून ‘वस्तुमान’ लिहावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

फादर केरळचे किंवा मंगळूरचे असतात, मराठी त्यांना बोलण्यापुरती येते, त्यांचा काही दोष नाही. उपाय सोपा आहे. मराठी पत्रक इंग्रजीवरून करू नका. इंग्रजी बाजूला ठेवा, फादरना शेजारी बसवा, "यात सांगायचं काय आहे?" विचारा आणि ते मराठीत लिहा. चार पानांचं दीड पान होतं. आमच्या आताच्या प्रिन्सिपलना ते इतकं आवडलं की त्यांनी इंग्रजीही तेवढंच केलं.

गुड फ्रायडेच्या ‘हार्दिक शुभेच्छा’

ही चूक दर वर्षी कुठे ना कुठे दिसते, आणि कॅथलिक शाळेच्या पत्रकात दिसली की जास्त बोचते. येशूला क्रुसावर दिलं तो हा दिवस. शुभेच्छा ईस्टरच्या, म्हणजे दोन दिवसांनी येणाऱ्या रविवारच्या, येशू पुन्हा उठला त्या सणाच्या. बॅनर करणाऱ्या दुकानदाराला तारखेसोबत हेही सांगा, नाहीतर तो दिवाळीच्या फाइलमधली पणती तशीच ठेवतो. (आमच्याकडे ठेवली होती.)

खरा गोंधळ मात्र तारखांचा होतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांत कुठेही येतो, आणि आपल्याकडे नेमकी तीच वार्षिक परीक्षेची वेळ. गुड फ्रायडे २०२४ मध्ये २९ मार्चला होता, २०२५ मध्ये १८ एप्रिलला, २०२६ मध्ये ३ एप्रिलला. २०२७ मध्ये तो २६ मार्चला येतो. म्हणजे गेल्या वर्षीचं वेळापत्रक उघडून नुसतं साल बदलायचं, ही ऑफिसची लाडकी युक्ती इथे चालतच नाही. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठरल्या आणि पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा) बरोबर त्यांच्या मध्यात आला. गुड फ्रायडेची सार्वजनिक सुट्टी असते, पण आदल्या दिवशीच्या पवित्र गुरुवारची नसते. त्या संध्याकाळी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो आणि कॅथलिक घरातली मुलं उशिरापर्यंत तिथे असतात. शनिवारी गणिताचा पेपर ठेवताना हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि कॅथलिक आया तक्रारही करत नाहीत, गप्प बसतात.

याच्याही आधीचा खड्डा म्हणजे दहावीचा निरोप समारंभ. तो फेब्रुवारीत, आणि उपवासकाळाची सुरुवातही बहुतेकदा फेब्रुवारीत. २०२४ मध्ये आम्ही थाटात कळवलं: बुधवार, १४ फेब्रुवारी, चिकन बिर्याणी. तो राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस निघाला. त्या दिवशी कॅथलिकांना मांस वर्ज्य, आणि हा नियम वयाच्या चौदाव्या वर्षापासून लागू होतो, म्हणजे दहावीच्या प्रत्येक कॅथलिक मुलाला. त्याच दिवशी वसंत पंचमी होती आणि व्हॅलेंटाइन डे पण, म्हणजे कपाळावर राख, हातात गुलाब आणि समोर बिर्याणी. ऐन वेळी निम्म्या ऑर्डरचा पुलाव केला. आता तारीख ठरवताना टेबलावर दोन कॅलेंडरं असतात, एक भिंतीवरचं नेहमीचं आणि एक चर्चचं.

दुखवटा म्हणजे सुट्टी नव्हे

२१ एप्रिल २०२५, ईस्टरचा दुसरा दिवस. दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. परीक्षा चालू होत्या. केंद्र सरकारने तीन दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर केला, २२ आणि २३ एप्रिल आणि मग अंत्यविधीचा दिवस, म्हणजे २६. संध्याकाळपर्यंत पालकांच्या ग्रुपवर ‘उद्या कॅथलिक शाळांना सुट्टी’ असा मेसेज फिरला. कुणी केला, कुणास ठाऊक. राजकीय दुखवट्यात झेंडा अर्ध्यावर येतो आणि सरकारी करमणुकीचे कार्यक्रम होत नाहीत, एवढंच. शाळा, परीक्षा, कचेऱ्या सगळं चालू असतं. आमची चूक अशी झाली की श्रद्धांजलीचा सुंदर मजकूर आम्ही सातला पाठवला आणि "उद्याचा पेपर ठरल्या वेळी होईल" हे वाक्य रात्री साडेदहाला. तोवर सातवीतल्या दोन मुली आजोळी सासवडला पोचल्या होत्या.

अशा बातमीत पहिली ओळ व्यवहाराची घाला. हळहळ दुसऱ्या ओळीत आली तर कुणी तुम्हाला कोरडं म्हणत नाही.

मिस्सेचं निमंत्रण

वर्षअखेरच्या आभाराच्या मिस्सेला ‘सर्व विद्यार्थ्यांची उपस्थिती अनिवार्य’ असं लिहू नका. एक तर राज्यघटनेचं कलम २८ (३) आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही स्वतःच्या, आणि अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय उपासनेला बसायला लावता येत नाही. दुसरं म्हणजे त्याची गरजच पडत नाही. आमच्या वर्गात कॅथलिक मुलं मूठभर, बाकी मराठी, गुजराती, बोहरी, सिंधी, आणि ‘ज्यांना यायचं आहे त्यांनी या’ म्हटलं तरी हॉल भरतो.

मग येतो कम्युनियनचा प्रश्न. फादर पवित्र भाकर देऊ लागले की आमची हिंदू मुलं भक्तिभावाने रांगेत उभी राहतात, उजवा हात पुढे, डावा खाली. प्रसाद नाकारायचा नसतो, हे घरी शिकवलेलं असतं. इथे मात्र ती भाकर फक्त पहिल्या कम्युनियनचा विधी झालेल्या कॅथलिकांसाठी असते. भर मिस्सेत एखाद्या सिस्टरनी पाचवीतल्या मुलाला दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं, तर ते मूल ते विसरत नाही. मी एकाला पाहिलंय, मोठा झाल्यावरही तो तेच सांगतो. म्हणून पत्रकात आधीच साध्या शब्दांत लिहा: "कम्युनियनच्या वेळी ज्यांना फक्त आशीर्वाद हवा आहे त्यांनी दोन्ही हात छातीवर दुमडून पुढे यावे." हात दुमडलेले दिसले की फादर डोक्यावर हात ठेवतात, आणि मूल खुशीत परत येतं.

बदलीची बातमी

फादर किंवा सिस्टर यांची बदली शाळा ठरवत नाही. जेझुइटांचे (येशूसंघी फादरांचे) प्रोव्हिन्शियल ठरवतात, सिस्टर लोकांत त्यांच्या संघाच्या प्रमुख, धर्मप्रांताच्या शाळेत बिशप. एप्रिलमध्ये कुजबुज सुरू होते, पत्र हातात पडायला मे उजाडतो. आमच्याकडे एकदा कुजबुजीवर विसंबून न्यूजलेटरमध्ये तेव्हाच्या प्रिन्सिपल सिस्टरना निरोप देऊन टाकला. पालकांनी सह्यांची मोहीम काढली, आणि जूनमध्ये सिस्टर होत्या तिथेच होत्या, जरा अवघडलेल्या. पत्र येईपर्यंत एक अक्षरही छापू नका.

जाता जाता: इंग्रजी नावाची जुनी शाळा दिसली की ती कॅथलिकच, असं वृत्तपत्रांना पाठवायच्या मजकुरात धरून चालू नका. सेंट व्हिन्सेंट्स आणि पाषाणची लोयोला या जेझुइटांच्या. बिशप्स आणि सेंट मेरीज अँग्लिकन परंपरेतल्या. आंतरशालेय स्पर्धेच्या बातमीत ही गफलत झाली की दोन्हीकडून फोन येतात.

निकाल आणि फोटो

१ मेला निकाल, ही आपली जुनी रीत. त्या दिवशी महाराष्ट्र दिन, आणि चर्चच्या कॅलेंडरात कामकरी संत योसेफाचा सण, त्यामुळे कार्यक्रम एकत्र बांधता येतो. दहावीच्या निकालासाठी मात्र न्यूजलेटर अडवून ठेवू नका. तो २०२४ मध्ये २७ मेला लागला आणि २०२५ मध्ये १३ मेला. एवढ्या फरकावर छपाईचं गणित बसत नाही. वेगळं अर्धं पान काढा.

आणि पहिल्या दहांचे फोटो, टक्के, राहण्याचा भाग असं सगळं एका पोस्टरवर टाकायची हौस आवरा. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूलच, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं हा कायदा सांगतो. प्रवेशाच्या वेळीच एक फॉर्म भरून घ्या.

दाखला: इथे थोडं थांबा

सगळ्यात महागात पडणारी चूक पत्रकात काय छापलं याची नाही, काय छापायचं राहिलं याची असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात यांतली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत त्यातल्या त्यात सोपी. दाखला हाती पडला की अर्ज, शिक्षणाधिकारी, हेलपाटे. कॅथलिक घरांत हे जास्त घडतं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर नाव जोसेफ, घरात आणि शाळेत विजय. नगरकडून आलेल्या कुटुंबांची आडनावं गायकवाड, साळवे, शिंदे. पहिलीत प्रवेश घेताना क्लार्कने आडनाव बघून धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलेलं असतं, आणि दहा वर्षं ते कुणी वाचलेलं नसतं. मग अकरावीला अल्पसंख्याक कोट्यातून प्रवेश हवा असतो आणि कागद आडवा येतो.

म्हणून नववीच्या वर्षअखेरच्या पत्रकात, दहावीच्या नव्हे, ठळक लिहा: "जनरल रजिस्टरमधली आपल्या पाल्याची नोंद ऑफिसमध्ये येऊन डोळ्यांनी पाहा आणि सही करा." निरोप पाठवून भागत नाही, बोलावूनच घ्यावं लागतं. शाळेला जोडून ज्युनिअर कॉलेज असेल तर आणखी एक ओळ घाला. इनहाउस कोटा, म्हणजे आपल्याच शाळेच्या मुलांसाठीच्या राखीव जागा, आपोआप मिळत नाही. २०२५ पासून अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली आहे, आणि आपल्याच कॉलेजात जायचं असलं तरी नोंदणी तिथेच करावी लागते. "आमचाच मुलगा आहे, फादर ओळखतात" असं म्हणत जूनअखेर आलेले वडील मी दर वर्षी बघते.

पुस्तकांची यादी द्या, दुकानाचं नाव देऊ नका. अप्पा बळवंत चौक लोकांना माहीत आहे.

चुकीचं पत्रक गेलंच तर

व्हॉट्सअॅपवर गेलेली पीडीएफ परत येत नाही. आपल्या ग्रुपमधून ती काढली तरी ती तोवर व्हॅनवाल्यांच्या ग्रुपवर, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर गेलेली असते. ‘सुधारित पत्रक’ एवढंच नाव देऊन दुसरी फाइल पाठवली की दोन्ही एकाच वेळी फिरतात, आणि कोणती खरी ते वाचणाऱ्याला कळत नाही. आम्ही आता प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर क्रमांक आणि काढल्याची तारीख मोठ्या अक्षरांत टाकतो, आणि दुरुस्तीची पहिली ओळ अशी असते: "पत्रक क्र. १४ रद्द. शाळा सोमवारी नाही, मंगळवारी सुरू." कारण, दिलगिरी, फादरची सही, सगळं त्याच्या खाली.

शिवाय ही ओळ फळ्यावर लिहून तो फळा गेटवर ठेवतो. वानवडीच्या व्हॅनवाल्या काकांचा फोन साधाच आहे, ते तिथेच वाचतात.